लसीचं कार्ड हरवलंय, आता काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही कुर्ल्याला राहतो. 2005 च्या 26 जुलैला आमच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं त्यात मुलाचं लसीचं कार्ड गेलं, तो तेव्हा वर्षाचा होता. आता त्याला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला अ‍ॅडमिशन मिळालीय आणि कॉलेजवाले हेपटायटिस बी घेतल्याचा कागद मागतायत. सगळ्या लसी पहिल्यापासून घ्यायच्या का? आणि सासरे 72 चे आहेत, शुगर आहे, त्यांना लसीचं सांगितलं की म्हणतात ते लहान पोरांचं काम. काय करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, सगळं पहिल्यापासून अजिबात नाही. पण हेपटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस, मात्र नव्याने घ्यायची आणि लगेच घ्यायची, कारण तुमचा मुलगा जन्मला तेव्हा ती सगळीकडे सरकारी यादीत नव्हती, देशभर यायला 2011 उजाडलं. म्हणजे तुम्ही प्रायव्हेटमध्ये पैसे भरून दिली नसेल तर त्याला बहुतेक मिळालेली नसणार. समजा दिली असेल आणि आता पुन्हा घेतली तरी काही बिघडत नाही. तीन डोस असतात, आज एक, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही, लस लागू झाली का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट करायची, ती 10 किंवा वर आली की झालं. टेस्ट नक्की करून घ्या हो. ह्या पोरांना दिवसभर दुसऱ्याचं रक्त हाताळायचं असतं, सुई कधी बोटात जाईल सांगता येत नाही, आणि तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की तुझं टायटर, म्हणजे ह्या टेस्टचा आकडा, किती. मध्येच परीक्षा आली, गावी गेला, डोस लांबला तरी पुन्हा एकपासून सुरू करायचं नाही, राहिलेला डोस घ्यायचा आणि पुढे जायचं, हे खूप जणांना माहीत नसतं आणि उशीर झाला म्हणून ते पुढचे डोस सोडूनच देतात.

गोवर-रुबेलाची 2018 च्या नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात शाळाशाळांतून मोहीम झाली होती, तुमचा मुलगा तेव्हा 14 चा, म्हणजे बहुतेक शाळेतच टोचलंय, त्याला विचारा, डाव्या अंगठ्याला शाईची खूण केलेली मुलांना आठवते. धनुर्वात-घटसर्पाची टीडी 16 व्या वर्षी राहिली असेल तर आता देऊन टाका, नंतर दर 10 वर्षांनी. आपल्याकडे खिळा लागला की इंजेक्शन घ्यायला सगळे धावतात, एरवी कोणाला आठवत नाही.

आता सासरे. खरं सांगू, तुमच्या पत्रात मला जास्त काळजी त्यांचीच वाटली. शुगरच्या माणसाला फ्लू झाला की तो तीन दिवसांचा ताप राहत नाही, छातीत उतरतो, मग अ‍ॅडमिट करा, ऑक्सिजन लावा, शुगर वर जाते ती आठवडाआठवडा खाली येत नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते कारण व्हायरस बदलत राहतो, आणि मुंबईत पावसाळ्यात फ्लू वाढतो म्हणून मे महिन्यात उरकून घ्या, असर यायला दोन आठवडे लागतात. न्यूमोनियाची वेगळी, ती दरवर्षी नाही, त्यातली पीसीव्ही 20 नावाची लस मिळाली तर एकच डोस पुरतो. दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांवर देता येतात. खर्च आहे, नाही असं नाही, पण हॉस्पिटलच्या एका दिवसाच्या बिलाशी तुलना करून बघा.

नागिणीचंही त्यांच्या कानावर घाला. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं आपल्याकडे म्हणतात, तसं काही नसतं, पण फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने जी आग होते ना, अंगावर सदरा सहन होत नाही, ते फार वाईट. 50 नंतर ह्याची लस घेता येते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. आधी फ्लू-न्यूमोनिया, मग ही, असं टप्प्याटप्प्याने करा. आणि त्यांना वाद घालून पटणार नाही, शुगरच्या पुढच्या चेकअपला तुम्ही सोबत जा आणि तिथेच डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा.

प्रश्न : मेडिकलमधून लस आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि रविवारी ओळखीच्या नर्सकडून टोचून घेतली तर चालेल ना?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : नाही, प्लीज नको. लस 2 ते 8 डिग्रीतच राहिली पाहिजे, घरचा फ्रिज दिवसातून वीसदा उघडतो, आणि फ्रीझरला चिकटून गोठली तर बऱ्याच लसी वायाच जातात, बाहेरून बघून कळतही नाही. शिवाय टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ते रिअ‍ॅक्शन आली तर लगेच औषध देता यावं म्हणून, ते घरी कोण देणार? दवाखान्यातच घ्या, त्यांच्याच फ्रिजमधली, आणि कागदावर लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख लिहून मागा, लगेच मोबाइलमध्ये फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका.