वाचकांचे प्रश्न : कोरियात संसार, कोरियात लेकरे

दक्षिण कोरियात राहणाऱ्या मराठी वाचकांची काही पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांपैकी तिघांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे पती सुवोन येथे एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या संशोधन विभागात आहेत. मुलगी युचिवोनमध्ये, म्हणजे बालवाडीत जाते आणि येत्या मार्चमध्ये ती पहिलीच्या वयाची होईल. इंटरनॅशनल शाळा आम्हाला परवडणारी नाही. सरकारी शाळेत घातले तर भाषेमुळे ती मागे पडेल आणि आम्ही शाकाहारी असल्याने तिच्या जेवणाचे हाल होतील, अशी भीती वाटते. दिवाळीत तिच्या बाईंना मी फराळाचा डबा पाठवला, तोही त्यांनी न उघडता परत केला. मुलीला घेऊन मी पुण्याला परत यावे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : आधी फराळाचे पाहू, कारण तुमच्या मनाला लागलेली गोष्ट तीच दिसते. कोरियात 28 सप्टेंबर 2016 पासून लाचलुचपतीविरुद्ध एक कडक कायदा लागू आहे. त्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या माजी न्यायमूर्ती किम यंग-रान यांच्या नावानेच लोक तो ओळखतात. युचिवोनमधील आणि शाळांतील शिक्षक या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि ज्यांच्या हाती मुलांचे मूल्यमापन असते अशा वर्गशिक्षकांना पालकांकडून कॉफीचा पेलासुद्धा घेता येत नाही. 15 मे रोजी शिक्षक दिन असतो. त्या दिवशी बाईंना द्यायचे कार्नेशनचे फूलदेखील विद्यार्थी प्रतिनिधीने सर्वांच्या देखत द्यायचे असते. तुमच्या चकल्या एखाद्या कोरियन आईने पाठवल्या असत्या, तरी त्या परतच आल्या असत्या. पुढच्या दिवाळीत तो डबा मुलीच्या मैत्रिणींच्या घरी द्या. तेथे हा कायदा आड येत नाही, आणि शाळा सुरू झाल्यावर त्या आयांची ओळख तुम्हाला बाईंच्या ओळखीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता प्रवेशाविषयी. कोरियात शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते आणि वर्ग जन्मवर्षावरून ठरतो. म्हणजे एकाच वर्षी जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले एकाच वर्गात बसतात. वय मोजण्याची जुनी कोरियन पद्धत जून 2023 मध्ये सरकारी व्यवहारातून गेली असली, तरी शाळेचा हा हिशेब बदललेला नाही. कोरियन नागरिकांच्या घरी मुलाच्या शाळाप्रवेशाची सूचना सरकारकडून येते. परदेशी पालकांच्या घरी ती आपोआप येत नाही, आणि अनेक कुटुंबे तिची वाट पाहत बसतात. आपल्या पत्त्याच्या हद्दीतील प्राथमिक शाळेत आपणहून जावे, परदेशी नोंदणीचा दाखला दाखवावा आणि अर्ज द्यावा. ही चौकशी डिसेंबरातच करा, कारण नव्या मुलांची पहिली हजेरी साधारणपणे जानेवारीच्या सुरुवातीला असते. परदेशी मुलांना सरकारी प्राथमिक शाळेत प्रवेश मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि तेथे फी द्यावी लागत नाही.

भाषेची चिंता मुलीपुरती तरी सोडून द्यावी, असे मला वाटते. जी मुलगी युचिवोनमध्ये दिवसभर कोरियन ऐकते, ती पहिलीत शब्दांसाठी अडणार नाही. शिवाय परदेशी मुले जास्त असलेल्या कित्येक शाळांत कोरियन भाषेचा वेगळा वर्गही असतो. खरी अडचण आईबापांची होते. शाळेकडून घरी पत्रकांचा ओघ सुरू असतो. त्यांना गाजोंग-थोंगशिनमुन म्हणतात आणि आता ती बहुधा मोबाइलवरच्या ॲपमध्ये येतात. उद्या कात्री व रंगीत कागद आणावा, वर्गात घालायचे पांढरे बूट धुण्यासाठी घरी पाठवले आहेत ते सोमवारी परत आणावेत, सहलीच्या संमतिपत्रावर गुरुवारपर्यंत सही करावी, अशा साध्या गोष्टी त्यांत असतात. पापागोसारख्या ॲपवर भाषांतर होते, पण रोज रात्री ते करणारे माणूस घरात लागते, आणि ते न झाल्यास मुलगी एकटीच कात्रीशिवाय बसते. म्हणून तुम्ही स्वतः कोरियन शिकण्यास आजच सुरुवात करा. न्याय मंत्रालयाच्या सामाजिक एकात्मता कार्यक्रमात शून्यापासून पाचपर्यंत पातळ्या आहेत, आणि पुढे दीर्घ मुदतीच्या निवासासाठी अर्ज करताना त्याचा उपयोगही होतो. कुटुंब केंद्रांतही भाषेचे वर्ग भरतात. मात्र 2008 च्या ज्या कायद्यावर त्यांचे बरेचसे काम उभे आहे, तो मुख्यतः कोरियन नागरिकाशी विवाह करून आलेल्यांचा विचार करतो. नवराबायको दोघेही परदेशी असलेले कुटुंब त्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे जागा आहे का हे विचारूनच जावे.

जेवणाची भीती मात्र खोटी नाही. शाळेचे जेवण सर्वांना एकच असते आणि शाकाहाराची कल्पना तेथे फारशी रुजलेली नाही. महिन्याचा जेवणाचा तक्ता आधी मिळतो आणि त्यात प्रत्येक पदार्थापुढे 1 ते 19 असे आकडे असतात. हे आकडे ॲलर्जीसाठी आहेत, पण आपल्याला ते दुसऱ्याच कामाला येतात: 1 म्हणजे अंडे, 9 कोळंबी, 10 डुकराचे मांस, 15 कोंबडी, 16 गोमांस. तक्ता फ्रिजवर लावून मुलीला हे पाच आकडे पाठ करून घ्या. त्यांत एक मोठी फट आहे, तीही सांगून ठेवते. कोरियन सूप बहुधा म्यॉलची या सुकवलेल्या बारीक मासळीच्या पाण्यात शिजते, आणि त्या मासळीला या यादीत आकडाच नाही. तेव्हा आकडा नसलेले सूप शाकाहारी आहे असे समजू नये. किमचीतही बहुतेक वेळा माशाचा किंवा कोळंबीचा खार असतो. मुलगी काय खात नाही हे वर्गशिक्षिका आणि शाळेच्या आहारशिक्षिका या दोघींना कोरियनमध्ये लेखी द्या आणि घरचा डबा चालेल का ते विचारा. याबाबत शाळेशाळेत फरक पडतो. सूप आणि किमची या दोन गोष्टींवर घरात किती आग्रह धरायचा, हे तुम्ही दोघांनी मार्चच्या आधीच ठरवावे, कारण तो निर्णय सहा वर्षांच्या मुलीवर सोडणे योग्य नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. पहिलीची शाळा दुपारी एक-दीडच्या सुमारास सुटते. 2024 पासून सुरू झालेल्या नुलबोम योजनेमुळे शाळेतच पुढे थांबण्याची सोय वाढली आहे. अन्यथा वर्गातली मुले पिवळ्या गाड्यांत बसून हागवोनला, म्हणजे खाजगी शिकवणीला जातात. शाळेत इंग्रजी तिसरीपासून शिकवले जाते, त्यामुळे पुण्यातील भावंडांशी तुलना करून लगेच इंग्रजीचा हागवोन लावू नका. तायक्वांदोचा लावा, तेथे मैत्रिणी मिळतात.

पुण्याला परतण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पतीचा करार वर्षभरात संपणार असेल तर परतण्याचा विचार समजण्यासारखा आहे. तीन-चार वर्षे राहणे नक्की असेल, तर परत आलेल्या फराळावरून किंवा जेवणाच्या तक्त्यावरून कुटुंबाची ताटातूट करू नये. सासूबाईंना शाळेच्या पहिल्या दिवसासाठी बोलावता आले तर जरूर बोलवा.

प्रश्न : मी आणि माझे पती देजॉन येथे संशोधन करतो. आम्हाला मार्चअखेरीस बाळ होईल. कोरिया सरकार बाळंतपणासाठी खूप पैसे देते असे ऐकतो, ते आम्हाला मिळतील का? बाळाचे नागरिकत्व कोणते असेल? नाशिकहून आई येणार आहे, तिच्या औषधोपचाराचे काय?

उत्तर : 2023 मध्ये कोरियाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, 0.72 पर्यंत घसरला, 2024 मध्ये तो जेमतेम 0.75 झाला, सरकारचा हात सैल आहे तो यामुळे. पण प्रत्येक योजनेविषयी एक गोष्ट विचारावी: पैसा आरोग्य विम्यातून येतो की नागरिकत्वावर मिळतो? सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी व्यक्तींना जुलै 2019 पासून राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे, त्यामुळे विम्यातून येणारी गरोदरपणाची 10 लाख वॉनची मदत तुम्हालाही मिळते. ती एका कार्डावर जमा होते आणि दवाखान्यात वापरता येते. सरकारी कार्यक्रमातील लसीही परदेशी बाळांना मोफत मिळतात. याउलट जन्मानंतरचे 20 लाख वॉनचे व्हाउचर आणि मुलांचा मासिक भत्ता हे कोरियन नागरिक असलेल्या बाळांसाठी आहेत, ते हिशेबात धरू नका. बाळाचा पाळणाघराचा खर्चही बहुतांशी तुमच्याच खिशातून जाईल. काही स्थानिक प्रशासने थोडी मदत करतात, तिची चौकशी करावी.

कोरियात जन्मल्याने कोरियन नागरिकत्व मिळत नाही; तुमचे बाळ भारतीय असेल. कायद्यानुसार जन्माची नोंदणी सोलमधील भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत करायची असते, पण इतके थांबणे तुम्हाला परवडणार नाही, कारण बाळासाठी राहण्याचा दर्जा इमिग्रेशन कार्यालयात जन्मापासून 90 दिवसांत मागावा लागतो आणि त्याआधी त्याचा पासपोर्ट हाती हवा. दवाखान्यातून जन्माचा दाखला मिळताच दूतावासातील नोंदणीला लागा; बाळाचे नाव अजून ठरले नाही ही घरच्यांची सबब चालू देऊ नका. बारशाला नाव ठेवू म्हटले की मधले दिवस फुकट जातात. शंका असल्यास इमिग्रेशनच्या 1345 या क्रमांकावर इंग्रजीतही बोलता येते.

पाहुणी म्हणून येणाऱ्या आईला आरोग्य विमा लागू होत नाही. एप्रिल 2024 पासून तर विमाधारकाच्या परदेशी आईवडिलांना अवलंबित म्हणून नोंदवण्याआधी सहसा सहा महिने कोरियात राहावे लागते; पती-पत्नी आणि अल्पवयीन मुले यांना ती अट नाही. आईसाठी नाशिकहून निघतानाच प्रवास विमा घ्या. येथील बाळंतिणी दोन आठवडे सानहुजोरिवोनमध्ये, म्हणजे बाळंतिणींची काळजी घेणाऱ्या निवासी केंद्रात राहतात आणि समुद्री शेवाळाचे सूप पितात, पण तेथे भेटीगाठींवर बंधने असतात आणि खर्चही बराच येतो. आई डिंकाचे लाडू घेऊन येणारच असेल, तर तो खर्च वाचवून घरीच राहिलेले बरे.

प्रश्न : आम्ही उल्सानला बाराव्या मजल्यावर राहतो. मुलगा चार वर्षांचा आहे. तो घरात धावतो आणि मी पहाटे चटणीसाठी मिक्सर लावते, म्हणून खालच्या घरातून सतत तक्रारी येतात. त्यांच्याकडे जाऊन माफी मागावी का?

उत्तर : एकदा भेटून माफी मागायला हरकत नाही, पण त्यानंतरची बोलणी इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयामार्फतच होऊ द्या, दारावर जाऊन वाद घालण्याची रीत तेथे घातक ठरते. जानेवारी 2023 पासून पावलांच्या आणि धावण्याच्या आवाजाची मर्यादा दिवसा 39 आणि रात्री 34 डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दिवाणखान्यात जाड मॅट अंथरा. लहान मुले असलेल्या बहुतेक कोरियन घरांत त्या असतात. चटणी रात्रीच जेवणाआधी वाटून फ्रिजमध्ये ठेवा, आणि मिक्सर ओट्यावर नुसता न ठेवता खाली दुहेरी टॉवेल घाला.