मेडिकलला शिकताना नोकरी घेऊ का?

प्रश्न: ताई, मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉलेज सुरू होऊन थोडेच दिवस झालेत. फीसाठी लोन काढलंय. एका ठिकाणी संध्याकाळचं काम मिळतंय, रोज 5 तास, आठवड्यातून 5 दिवस. घरचे नको म्हणतात पण सारखं त्यांच्याकडे पैसे मागायचं जिवावर येतं. सीनियर्सपैकी काहीजण नोकरी करतात म्हणे. घेऊ का?

उत्तर: हे काम घेऊ नकोस. पुढे कधीच काही करू नको असं म्हणत नाहीये, पण हे आणि आत्ता तर नकोच.

आठवड्याचे 25 तास होतात आणि ते नेमके तुझ्या अभ्यासाच्या वेळेतून जाणार. दिवसभर लेक्चर, डिसेक्शन, प्रॅक्टिकल, आणि ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री तिन्ही विषय एकदम अंगावर आलेले असतात, दिवसा ऐकलेलं संध्याकाळी परत उघडून बघितलं नाही की ते जातंच. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त विसरतं ते सुरुवातीच्या काही तासांत, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो, त्यामुळे त्याच दिवशीची उजळणी बुडणं फार महागात पडतं. मग मुलं काय करतात तर झोपेतून वेळ काढतात. 1997 च्या एका अभ्यासात सलग 17 तास जाग्या राहिलेल्या माणसांचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकं घसरलेलं दिसलं होतं, म्हणजे सकाळी 6 ला उठून कॉलेज, नोकरी करून रात्री 11 ला पुस्तक उघडणारी मुलगी ज्या डोक्याने वाचत असेल त्याचा विचार कर.

आणि पैशाचाच हिशोब करायचा तर पूर्ण कर. एखादा विषय राहिला आणि वर्ष गेलं तर त्या वर्षाचा खर्च परत, लोनवर व्याज, शिवाय डॉक्टर म्हणून कमाई सुरू व्हायला एक वर्ष उशीर, पार्टटाइम नोकरीतून एवढे पैसे सुटणार नाहीत गं.

सीनियर्स करतात म्हणतेस ना, त्यांना नीट विचार की कधीपासून करतात, कुठलं काम करतात, परीक्षेच्या आधी सुट्टी मिळते का. जी मुलं टिकतात त्यांच्या कामात बहुतेक वेळा एक गोष्ट सारखी असते, काम कधीही सोडता किंवा पुढे ढकलता येतं. शनिवार-रविवारची एखादी ट्यूशन, लायब्ररीच्या काउंटरवर बसणं, कॉलेजमधल्याच एखाद्या रिसर्च प्रोजेक्टमध्ये डेटा भरणं वगैरे. पहिली मोठी परीक्षा होऊ दे, मार्क बघ, तब्येत बघ आणि मग आठवड्याला 5-6 तासांपासून सुरुवात कर. नाईट शिफ्ट मात्र अजिबात नको. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलमध्ये पेशंटसोबत शिकणं, सुरू झाली की परत नव्याने विचार करावा लागेल कारण तेव्हा वॉर्ड आणि इमर्जन्सीचं टाइमटेबल आपल्या हातात नसतं आणि पेशंटशेजारी उभं राहून जे शिकायला मिळतं ते नोट्समधून भरून निघत नाही.

एक गोष्ट तुला कळकळीने सांगते. पुढच्या वर्षांत कोणीतरी म्हणेल की आमच्या छोट्या हॉस्पिटलमध्ये रात्री डॉक्टर म्हणून थांब, इंजेक्शन-सलाईन तर येतंच तुला, चांगले पैसे देऊ. कितीही अडचण असली तरी हो म्हणू नकोस. डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशन नसताना स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट तपासणं बेकायदा आहे आणि रात्री 3 वाजता कोणाचा श्वास अडकला तर तिथे तू एकटी असशील, तुझं करिअर ही नंतरची गोष्ट, आधी एका माणसाचा जीव आहे.

आता पैसे मागायचं जिवावर येतं त्याबद्दल, मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे तुझा. घरचे नको म्हणतायत म्हणजे त्यांनी विचार केलेला आहे. तरी नोकरीच्या आधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन फीचे हप्ते मिळतात का, स्कॉलरशिप, फी-माफी, माजी विद्यार्थ्यांचा एखादा फंड आहे का ते विचारून ये. बरीच मुलं विचारतच नाहीत, लाजतात. आणि दर वेळी थोडे थोडे मागण्यापेक्षा महिन्याचा आकडा एकदाच ठरवून घे घरच्यांशी बोलून, मागण्याची वेळच येणार नाही.

प्रश्न: मी नर्स आहे, बरीच वर्षं नोकरी झाली. आता मेडिकलला जातेय, परदेशात. नोकरी पूर्ण सोडू की थोडी ठेवू?

उत्तर: तुमचं वेगळं आहे, काम हातात बसलेलं आहे, ते नव्याने शिकायचं नाही. कायमची नोकरी सोडा पण नर्सिंगचं रजिस्ट्रेशन चालू ठेवा आणि जमेल तेव्हा एखाद-दुसरी शिफ्ट घ्या, तीही पहिली टर्म संपल्यावर. जायच्या आधी व्हिसाचे नियम बघा, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये डिग्रीच्या विद्यार्थ्यांना टर्म चालू असताना साधारणपणे आठवड्याला 20 तासांचीच परवानगी असते आणि अमेरिकेत तर तेही कॅम्पसवरच, त्यामुळे बाहेरच्या हॉस्पिटलमधल्या शिफ्टचे पैसे धरून बजेट करू नका.