संसद तहकूब, संस्थगित की बरखास्त?

प्रश्न असा आला आहे : २०१९ च्या सप्टेंबरात, ब्रेक्झिटच्या ऐन धुमश्चक्रीत, ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी पाच आठवड्यांसाठी संसद बंद केली. ती 'तहकूब' झाली, 'स्थगित' झाली, 'निलंबित' झाली की 'बरखास्त'? चारही शब्द वाचनात आले, बरोबर कोणता? आणि त्याच सुमारास ज्या एकवीस खासदारांचा 'व्हिप काढून घेतला' त्यांचं नेमकं काय झालं, हे मराठीत कसं सांगायचं?

पहिल्याचं उत्तर : संसदेचं अधिवेशन संस्थगित केलं. यातला 'अधिवेशन' हा शब्द मात्र गाळू नका.

अशा वेळी आपण क्रियापदावर भांडत बसतो आणि ते कशाला लावायचं हे बघायचं राहून जातं. तहकूब होते ती बैठक, किंवा त्या दिवसाचं कामकाज. संस्थगित होतं ते अधिवेशन. बरखास्त होतं ते सभागृहच; मग सदस्य सदस्य राहत नाहीत आणि निवडणूक लागते. निलंबित होतो तो माणूस : कारकून, हवालदार, आमदार. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले होते आणि पुढच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं, ते आठवा. निलंबनात शिक्षेचा वास असतो. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या संसदेने काही गुन्हा केला नव्हता (जॉन्सन यांचं मत वेगळं असू शकेल), म्हणून 'संसद निलंबित' मला खटकतं. तिथल्या इंग्रजी मथळ्यांत 'सस्पेंड' आलं, आपण त्याचा कोशातला पहिला अर्थ उचलला, एवढंच. 'स्थगित' चूक नाही, पण ढिलं आहे. खटला, लग्न, क्रिकेटचा सामना, सगळंच स्थगित होतं.

आता 'तहकूब' का नाही? कारण सगळं भांडणच त्या फरकावर होतं. हाउस ऑफ कॉमन्सला, म्हणजे तिथल्या लोकनियुक्त सभागृहाला, सुटी घ्यायची तर सभागृह स्वतः ठरवतं, त्यावर मतदान होतं. दरवर्षी सप्टेंबरात पक्षांच्या वार्षिक परिषदांसाठी अशी सुटी घेतातही. पण २०१९ मध्ये जॉन्सन यांचं बहुमत धाग्यावर होतं आणि ३ सप्टेंबरला त्यांचा एक खासदार भर सभागृहात समोरच्या बाकांवर जाऊन बसल्यावर तेही गेलं. ३१ ऑक्टोबरला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायचं होतं, कराराविना पडलं तरी चालेल असं सरकार म्हणत होतं, आणि ते रोखू पाहणारे खासदार पाच आठवड्यांच्या सुटीला हात वर करणं शक्य नव्हतं. अधिवेशन संस्थगित करायला मात्र सभागृहाला विचारावं लागत नाही. पंतप्रधानांनी सल्ला द्यायचा, तेव्हाच्या राणीने आदेश काढायचा. २८ ऑगस्टला राणीच्या बाल्मोरल इथल्या निवासस्थानी प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे तिच्या सल्लागार मंडळाच्या, बैठकीत तो निघाला : ९ ते १२ सप्टेंबरच्या दरम्यान कधीतरी अधिवेशन संपवायचं, ते थेट १४ ऑक्टोबरपर्यंत. बैठक तहकूब करणं सभागृहाच्या हातात आणि अधिवेशन संस्थगित करणं सरकारच्या, असा हा मामला होता.

'बरखास्त' तर त्या क्षणी शक्यच नव्हतं. २०११ च्या कायद्यानुसार मुदतपूर्व निवडणुकीसाठी दोन तृतीयांश खासदारांची संमती लागायची. जॉन्सन यांनी ४ आणि ९ सप्टेंबरला ती मागितली, दोन्ही वेळा मिळाली नाही. या शब्दाचा मूळ फारसी अर्थ 'उठणं' असा आहे. दरबार बरखास्त झाला म्हणजे मंडळी उठली. वेस्टमिन्स्टरमध्येही दिवसाचं काम संपलं की सभागृह 'उठलं' असंच म्हणतात, त्यामुळे जुन्या अर्थाने संसद रोजच बरखास्त होते म्हणा ना! पण आज आपल्या कानांना महापालिका बरखास्त, संचालक मंडळ बरखास्त याचीच सवय आहे, म्हणून तो शब्द कायमच्या मोडणीसाठीच ठेवावा. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत त्यासाठी 'विसर्जित' आहे. वृत्तपत्रं तो टाळतात आणि अनंत चतुर्दशी ज्या राज्यात साजरी होते तिथे मी त्यांना दोष देणार नाही.

त्याच प्रतीत अधिवेशन संपवण्याला 'सत्रसमाप्ती' म्हटलं आहे. शब्द काटेकोर आहे, पण सत्र आपोआप संपल्यासारखं वाटतं, कोणी संपवलं हे त्यातून निसटतं. २०१९ बद्दल लिहिताना कर्ता निसटून कसं चालेल? शिवाय सत्र म्हटलं की आधी परीक्षाच आठवते. 'संस्थगित' मात्र आपल्याकडे रुळलेला आहे. लोकसभा 'बेमुदत तहकूब' झाली तरी तांत्रिकदृष्ट्या अधिवेशन चालूच असतं, राष्ट्रपतींनी अनुच्छेद ८५ खाली आदेश काढला की संपतं. मुंबई-नागपुरात तो अधिकार राज्यपालांचा, अनुच्छेद १७४ खालचा. 'विधिमंडळाचे अधिवेशन संस्थगित' ही ओळ आपण दर अधिवेशनाच्या शेवटी वाचतोच.

मग 'अधिवेशन' गाळू नका हा आग्रह कशाला? कारण नुसतं 'विधानसभा संस्थगित' म्हटलं तर मराठीत निराळाच अर्थ निघतो. राष्ट्रपती राजवट लागते, सभागृह बरखास्त न करता गोठवून ठेवतात, त्यालाही आपण संस्थगितच म्हणतो. महाराष्ट्रात १२ नोव्हेंबर २०१९ ला अगदी तेच झालं. म्हणून 'ब्रिटनची संसद संस्थगित' वाचून एखाद्याला तिथे राणीची राजवट लागली असं वाटलं, तर चूक त्याची नाही.

एक व्यावहारिक फरकही आहे. ब्रिटनमध्ये अधिवेशन संस्थगित झालं की अर्धवट राहिलेली विधेयकं, पुढे नेण्याचा ठराव झाला नसेल तर, बाद होतात. आपल्याकडे अनुच्छेद १०७ प्रमाणे ती जिवंत राहतात. एकच शब्द दोन्हीकडे वापरताना एवढं ध्यानात असू द्या.

आता सगळ्यात मजेचा भाग. ९ सप्टेंबरच्या रात्री, तारीख उलटून गेल्यावर, कॉमन्समध्ये घोषणा आणि फलकांच्या गदारोळात अधिवेशन संपवण्याचा विधी झाला. प्रकरण न्यायालयात गेलं. स्कॉटलंडच्या न्यायालयाने कृती बेकायदा ठरवली, लंडनच्या उच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की संसदेला तिचं काम करण्यापासून इतका काळ रोखायला सरकारने कोणतंही सबळ कारण दिलेलं नाही. सबब सल्ला बेकायदा, आदेश शून्यवत. राणीचे प्रतिनिधी कोरा कागद घेऊन आत आले असते तर जे झालं असतं तेच झालं. म्हणजे अधिवेशन संपलंच नव्हतं.

मग त्या रात्री झालं काय? निकालाच्या दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं तेव्हा सभापती जॉन बर्को यांनी जाहीर केलं की ९ सप्टेंबरच्या कार्यवृत्तातली संस्थगितीची नोंद काढून टाकली आहे आणि त्या दिवशी कामकाज आटोपल्यावर सभागृह तहकूब झालं, अशी नोंद राहील. त्या विधीतच एका कायद्याला राणीची संमती जाहीर झाली होती, संसदेच्या इमारतीच्या दुरुस्तीचा कायदा तो. ती संमती पुन्हा जाहीर करावी लागली. तेव्हा 'तहकूब' लिहिणाऱ्यांना न्यायालयाने मागाहून का होईना बरोबर ठरवलं, असं कोणी म्हणालं तर मी फार वाद घालणार नाही. पण घटना सांगताना 'जॉन्सन यांनी अधिवेशन संस्थगित केलं, न्यायालयाने ते रद्द ठरवलं' असंच लिहावं. पुढे ८ ऑक्टोबरला अधिवेशन रीतसर संस्थगित झालं, तेही सहाच दिवसांसाठी, आणि खास कायदा करून ६ नोव्हेंबरला संसद खरोखर बरखास्त झाली.

राहिला व्हिप. आपल्याकडे व्हिप म्हणजे पक्षादेश, आणि तो बजावणारा प्रतोद. पक्षादेश 'काढून घेतला' म्हटलं तर मराठी वाचकाला वाटेल की खासदारांना हवं तसं मत द्यायची मोकळीक मिळाली. झालं उलटं. ३ सप्टेंबरला सरकारविरुद्ध मत दिल्याबद्दल त्या २१ जणांना जॉन्सन यांच्या हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर काढलं. माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क आणि फिलिप हॅमंड त्यात होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही. ब्रिटनमध्ये 'व्हिप असणं' म्हणजे त्या गटात असणं. खासदारकी मात्र कोणाचीच गेली नाही, कारण आपल्या राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीसारखी (पक्षांतरबंदीची) तरतूद तिथे नाही. तेव्हा 'अपात्र' लिहू नका. 'हकालपट्टी' चालेल, 'संसदीय पक्षातून' हे जोडून. त्यांतल्या दहा जणांना २९ ऑक्टोबरला परत घेतलं, सोम्स त्यात होते, क्लार्क आणि हॅमंड नव्हते.