ग्राहकांचं पोर्टल ईआरपीनेक्स्टला जोडायचंय, थेट डेटाबेसमध्ये लिहिलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: पंपाच्या सुट्या भागांची फर्म, सुमारे ४०० डीलर, हिशेब स्वतःच्या सर्व्हरवरच्या ईआरपीनेक्स्ट या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. डीलरला वेबसाइटवर येणेबाकी आणि बिलं दिसावीत, तिथूनच पैसे भरता यावेत. त्यासाठी पोर्टलने त्याच्या मारियाडीबी या डेटाबेसमध्ये थेट वाचावं-लिहावं का?

लिहू अजिबात नका. ईआरपीनेक्स्टमध्ये बिल किंवा पावती सबमिट (पक्की) होते तेव्हा तिच्या जमा-नावेच्या नोंदी त्याचाच कोड खतावणीत पाडतो. तुम्ही टेबलात परस्पर ओळ घातलीत तर पावती दिसेल, पण खतावणीत ती नसेल. शिवाय तुमची फर्म उद्या प्रायव्हेट लिमिटेड झाली, तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. थेट डेटाबेसमध्ये केलेला बदल त्या नोंदीत येत नाही. ऑडिटरला काय उत्तर देणार?

आधी एक पाहा. ईआरपीनेक्स्टमध्ये स्वतःचं ग्राहक-पोर्टल आहे. डीलरच्या माणसाला वेबसाइट युजर करून त्या ग्राहकाच्या खात्याशी जोडलं, की त्याला फक्त त्याची बिलं आणि ऑर्डरी दिसतात. एवढ्यावर भागत असेल तर नवीन काही बांधू नका, हे मी मनापासून सांगतोय.

भागत नसेल तर एपीआय वापरा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामने ईआरपीनेक्स्टशी बोलायची अधिकृत वाट. त्यासाठी वेगळा युजर तयार करा, त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या. ॲडमिनिस्ट्रेटरची की (एपीआयचा पासवर्डच म्हणा) पोर्टलमध्ये कधीच टाकू नका, आणि कुठलीही की ब्राउझरपर्यंत जाऊ देऊ नका. पोर्टल एकाच युजरच्या नावाने सगळं मागतं, त्यामुळे समोर कोण डीलर आहे हे ईआरपीनेक्स्टला कळत नाही. ते तुमच्या कोडने लॉगिनवरून ठरवायचं, वेबपत्त्यातल्या बिल नंबरावरून नाही. मी पूर्वी हात लावलेल्या एका पोर्टलमध्ये पत्त्यातला नंबर एकाने वाढवला की दुसऱ्याच डीलरचं बिल उघडायचं. घाऊक धंद्यात प्रत्येकाचा दर वेगळा असतो. एका डीलरने दुसऱ्याचा दर पाहिला आणि मालकाला कित्येक वर्षांच्या गिऱ्हाइकांसमोर खुलासे करावे लागले. ती चूक मी चाचणीत पकडायला हवी होती, म्हणून आता बिलाची पीडीएफ देण्याआधी ते बिल त्याच डीलरचं आहे का हे दर वेळी तपासतो. (आणि यादी मागितली की मुळात २० च नोंदी येतात, मर्यादा स्वतः वाढवावी लागते. नाहीतर जुनी बिलं गायब झाली म्हणून फोन येतात.)

येणेबाकी दाखवताना सगळ्या बिलांच्या थकबाकीची नुसती बेरीज करू नका. आपल्याकडे डीलर बिलवार पैसे देतोच असं नाही, ‘खात्यात ५०,००० जमा करा’ म्हणतो. ती रक्कम कुठल्याच बिलाशी जुळवलेली नसते, त्यामुळे बेरजेत ती वजा होत नाही आणि पोर्टल त्याच्याकडे जास्त पैसे मागतं. खतावणीतली ग्राहकाची शिल्लक दाखवा, खाली न जुळवलेली जमा वेगळी लिहा.

खरा घोळ पैसे भरण्यात होतो. समजा डीलरने १०,००० भरले. गेटवेने (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेने) २ टक्के म्हणजे २०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६ कापले, तर बँकेत ९,७६४ येतील. डीलरच्या खात्यात मात्र पूर्ण १०,००० जमा व्हायला हवेत. म्हणून पेमेंट एन्ट्रीत (ईआरपीनेक्स्टमधल्या पावतीत) पैसे थेट बँकेत आले असं दाखवू नका; ‘गेटवेकडून येणे’ असं वेगळं खातं उघडा आणि तिथे १०,००० नावे टाका. रक्कम बँकेत आली की बँक ९,७६४, शुल्क २००, जीएसटी ३६, आणि ते खातं शून्य. ते शून्य होत नसेल तर कुठला व्यवहार अडकलाय हे दिवाणजींना त्याच दिवशी कळतं.

पैसे मिळाल्याचा निरोप गेटवे वेबहुकने, म्हणजे आपणहून तुमच्या सर्व्हरला, पाठवतो. एकच निरोप दोनदाही येऊ शकतो. गेटवेचा पेमेंट आयडी पेमेंट एन्ट्रीच्या संदर्भ क्रमांकात ठेवा, तोच आयडी दुसऱ्यांदा घेऊ नका, आणि डेटाबेसलाच तो एकमेव ठेवायला सांगा, कारण दोन निरोप एकाच क्षणीही येतात. निरोपाची डिजिटल सही (तो गेटवेनेच पाठवल्याची खूण) तपासल्याशिवाय काही नोंदवू नका. रेझरपेसारखे गेटवे रक्कम रुपयांत नाही, पैशांत देतात, १०,००० रुपये म्हणजे १०,००,००० पैसे. वेळही बघा: १ एप्रिलच्या पहाटे दोनला भरलेले पैसे यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) ३१ मार्चचे ठरतात आणि पावती मागच्या आर्थिक वर्षात जाते.

सुरुवातीचे दोन महिने पोर्टलने पेमेंट एन्ट्री ड्राफ्टच (कच्चीच) ठेवावी, सबमिट दिवाणजींनी करावी. आणि पहिल्या चाचणीला सरळ हिशेबाचे डीलर निवडू नका. माल परत करणारे, ॲडव्हान्स देणारे, चेक परत गेलेले असे दहा जण निवडा, आणि पोर्टलवरचा आकडा त्यांच्या वहीतल्या आकड्याशी फोनवर ताडून पाहा.