खोडलेली ओळ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही आत्याने परवा आणून दिली. डावीकडे कात्रण आणि उजवीकडे तुझं मत ही मांडणी चांगली आहे, तीच ठेव. फक्त उजवीकडच्या पानांवर तू मला फार थोड्या ठिकाणी भेटलास. 'सदर लेखातून लेखकाने मोलाचा संदेश दिला आहे', 'ही बातमी वाचून मन सुन्न झाले', 'ग्राहकाने जागरूक राहिले पाहिजे'. यातलं एकही वाक्य चूक म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे. परीक्षेच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' लिहिताना हातात मिनिटं मोजकी असतात आणि तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, तिथे असली वाक्यं चालून जातात. त्याला मी नावं ठेवणार नाही, गुण सगळ्यांनाच हवे असतात. पण ही वही कुणी तपासायची नाहीये. इथे गाईडची भाषा कुणासाठी?

सगळ्यात आवडलं ते १४ मे २०२५ चं पान. तुमच्याच दहावीच्या निकालाची बातमी. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांनी पहिला, नागपूर ९०.७८ वर शेवटी, मुली ९६.१४ आणि मुलगे ९२.३१. मथळा वर्षानुवर्षांचा ठरलेला: यंदाही मुलींचीच बाजी. समोर तू लिहिलंयस, 'मुलींच्या यशाचा अभिमान वाटतो.' पण त्याच्या वर एक ओळ खोडलेली आहे. रेघ एकच मारलीस, त्यामुळे वाचता येते: 'दरवर्षी हेच छापतात, आम्ही पास झालो ते कुठे गेलं?'

अरे, ही खरी ओळ! ती खोडून तू पाहुण्यांसमोर बोलायचं वाक्य लिहिलंस.

चिडलास म्हणून रागावत नाही मी. मात्र चिडून तिथेच थांबू नकोस, त्या रागाच्या मागे जरा चालत जा. राग मुलींवर आहे, मथळा देणाऱ्यावर आहे, की घरी ताईच्या टक्क्यांशी तुझे टक्के लावून बघतात त्यावर? तिन्हींची उत्तरं वेगळी येतील. शेवटचं असेल तर वहीत तसं लिहायला लाजू नकोस.

मग बातमीकडे परत ये आणि आकडे कशाचे आहेत ते बघ. टक्केवारी काढतात ती परीक्षेला बसलेल्यांची. त्या वर्षी नोंदणी झाली होती सुमारे ८ लाख ६४ हजार मुलग्यांची आणि ७ लाख ४७ हजार मुलींची. म्हणजे बाजी मारणाऱ्या मुली मुळात एक लाख सोळा-सतरा हजारांनी कमी होत्या. का बरं? तुमची बॅच २०११ च्या जनगणनेच्या वेळी रांगत-धावत होती. त्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. आता ८ लाख ६४ हजारांना हे प्रमाण लावून बघ, मुली यायला हव्यात ७ लाख ७२ हजारांच्या आसपास. म्हणजे फरकातला मोठा वाटा तुम्ही शाळेचं तोंड बघण्याआधीच ठरला होता. उरलेल्या पंचवीसेक हजारांत पुन्हा बसणारे मुलगे किती आणि मधेच शाळा सुटलेल्या मुली किती, हे या बातमीवरून कळत नाही. हिशेब ढोबळ आहे, मला मान्य. पण मथळ्याने तुला चिडवलं म्हणूनच तो करावासा वाटतो. नुसता अभिमान वाटला असता तर पान उलटून पुढे गेला असतास.

'कोकण अव्वल' या शब्दांखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. मीही चिपळूणचीच, छाती माझीही फुगते. पण कोकण विभागीय मंडळात जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रायगडचं पोर बोलतं-चालतं कोकणी वळणाचं, पण त्याचा निकाल मुंबई विभागात धरतात. तुझ्या रेघा राहू देत, शेजारी एवढं लिहून ठेव म्हणजे झालं.

त्याच अंकातली जाहिरातही तू चिकटवली आहेस, एका क्लासची. वर मुलामुलींचे हसरे फोटो, प्रत्येकाखाली रँक, कोपऱ्यात 'प्रवेश मर्यादित' आणि लवकर नाव घातलं तर फीमध्ये सवलत. तुझं मत: 'जाहिरातीत अतिशयोक्ती असते.' असेल. पण कात्रण तू फोन नंबर आणि सवलतीची तारीख शाबूत ठेवून कापलंयस, आणि बाकीची कात्रणं पाहता तुझी कात्री एवढी काळजीपूर्वक चालत नाही! मला वाटतं, त्या फोटोंच्या रांगेत आपलाही फोटो असावा असं क्षणभर तुझ्या मनात आलं. आलं असेल तर तेच आधी लिही. जाहिरात आपल्या मनातल्या कुठल्या जागी शिरली हे कबूल केल्याशिवाय तिच्यावर टीका करण्यात दम नसतो. 'लोक फसतात' असं लिहिणारा स्वतःला त्या लोकांत धरत नाही, आणि मग त्याला काही दिसतही नाही.

मनातलं लिहून झालं की फोटोंकडे नीट बघ. यातल्या मुलीने तिथे दोन वर्षं काढली, की परीक्षेआधी फक्त सराव चाचण्या दिल्या? फी भरून शिकली की शिष्यवृत्तीवर? एकच चेहरा दोन क्लासच्या जाहिरातींत असतो तेव्हा श्रेय कुणाचं? हे प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेले नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता कोर्स केला, किती काळ केला, पैसे भरून केला का, हेही छापायला हवं. तुझ्या कात्रणात फोटोखाली रँकशिवाय काहीच नाही. हे तू वहीत मांडलंस तर 'अतिशयोक्ती' हा शब्दसुद्धा लागणार नाही.

आता इरावतीबाई कर्व्यांच्या 'परिपूर्ती' या लेखावरचं पान. हे मात्र मला अजिबात पटलं नाही. तू लिहिलंस, 'या लेखातून आईची थोरवी कळते.' लेखात काय घडतं ते आठव. सभेत बाईंची ओळख करून देतात, त्यात सासऱ्यांचं नाव येतं, नवऱ्याचं येतं, तरी त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग रस्त्याने जाताना शाळकरी पोरं आपसात बोलतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पुरी होते. लिहिणारी बाई कोण? जर्मनीत जाऊन डॉक्टरेट मिळवलेली मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजात शिकवणारी.

वर्गात हा लेख घेतला की मुली दोन बाजूंना जायच्या. एवढं शिकलेल्या बाईला अमक्याची आई म्हटल्यावरच पूर्ण वाटावं, याचा काहींना संताप यायचा. काहींना त्यात बाईंचा मिस्कीलपणा दिसायचा, म्हणजे सभेतल्या भारदस्त ओळखीची पोरांनी उडवलेली भंबेरी. मी स्वतः दुसऱ्या बाजूला झुकते, पण संतापलेल्या मुलींना खोडून काढणं मला कधी जमलं नाही. मुलगे बहुतेक गप्प असायचे. तुझं काय? रस्त्यात मित्रांनी तुझ्या आईकडे बोट दाखवून काही कुजबुजलं तर तुला कसं वाटतं? आणि तिला? लेखात 'थोरवी' कुठल्या वाक्यात दिसली त्यावर बोट ठेव. सापडलं नाही तर तो शब्द तुझा नाही, गाईडचा आहे.

तेव्हा मत लिहायच्या आधी दोन ओळींत लेखक काय म्हणतो ते लिहीत जा, आणि ते असं लिही की लेखकानेही मान डोलवावी. तुझी निम्मी भांडणं तिथेच मिटतील, कारण तू पुष्कळदा न लिहिलेल्या गोष्टीशी भांडतोस. (व्यसनमुक्तीवरच्या लेखाचं पान काढून बघ. लेखकाने तंबाखूचं नावही घेतलेलं नाही आणि तू दीड पान तंबाखूवर झोडपलंयस.) मत पुढे बदललं तर जुनं पान फाडू नकोस, खाली तारीख घालून नवं लिही. आणि मोबाइलवरून उतरवलेलं ते एक पान काढून टाक. कुठलं ते तुलाच माहीत आहे.

वही आत्याकडेच ठेवली आहे, रविवारी घेऊन जा. 'परिपूर्ती'वर पुन्हा लिहिलंस तर मला दाखव. माझ्या बाजूने लिहिण्याची अजिबात गरज नाही. आईला नमस्कार सांग.

तुझी,
बाई