उत्तर: सायकल चार दिवस आधी पार्सलने पुढं पाठवू का? (नको भावा)

भावा, तुझी पोस्ट तीनदा वाचली. इचलकरंजीचा, वय २२, हिमाचलातल्या रेसला पहिल्यांदा चाललायस, स्पॉन्सर नाही, आणि विचारतोयस की सायकल चार दिवस आधी पार्सलला टाकतो, मी मागनं मित्रांबरोबर जातो, म्हणजे पोचल्यावर सायकल तयार, चालेल का. २०१७ ला मी अगदी हाच प्लॅन केला होता. मित्र पण होते, चार दिवस पण चारच होते. म्हणून म्हटलं बाकीची कामं राहू देत, आधी ह्याला लिहू.

आधीच सांगतो, मी कुणी मोठा रायडर नव्हतो. सात-आठ सीझन एक्ससीओ (माउंटन बाइकची लॅप्सवाली क्रॉस-कंट्री रेस) आणि मॅरेथॉन (तीच, पण लांब पल्ल्याची) केल्या, बहुतेक वेळा मधल्या घोळक्यात, दोन-तीनदा बरं जमलं. आता कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी आणि रविवारी पन्हाळा, एवढंच उरलंय. रेल्वेचे रेट आणि नियम बदलत असतात, तेव्हा मी सांगतो ते खिडकीवर एकदा विचारून खात्री करून घे. पेडल कसं काढायचं, रोटर काढून वेगळा ठेवायचा, ब्रेक पॅडमध्ये स्पेसर घालायचा हे काय लिहीत बसत नाही, ते तुला येतच असणार, नसेल येत तर युट्यूब आहे.

मुद्दा हा की लगेज वेगळं आणि पार्सल वेगळं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही. लगेज म्हणजे तुझं तिकीट दाखवून सायकल बुक करायची, ती तुझ्याच गाडीला ब्रेक व्हॅनमधून (सामानाच्या डब्यातून) येते, तुला लगेज तिकीट मिळतं, उतरल्यावर पळत जाऊन ताब्यात घ्यायची. पार्सल म्हणजे तुझ्या प्रवासाशी त्याचा काही संबंध नाही, जागा असेल त्या गाडीने जाणार, मधल्या जंक्शनला उतरवलं तर पुढची जागा मिळेपर्यंत तिथंच बसणार. आंब्याच्या पेट्या असतील, औषधं असतील, तुझी सायकल त्यांच्या मागे. ह्यात कुणाचं काही चुकत नाही, ती सिस्टीमच तशी आहे. चुकतो तो आपण, कारण आपल्याला रेसची तारीख असते आणि पार्सलला तारीख नसते.

काहीजण म्हणतील स्लीपरला ४० किलो फ्री असतं, बॉक्स सीटखाली सरकव. वजनाचं खरं आहे, पण डब्यात घ्यायच्या पेटीला मापाची पण मर्यादा आहे, १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटर, आणि सायकलचा बॉक्स सव्वा मीटरच्या पुढंच जातो. मग टीसी येतो, मग तू हात जोडतोस, मग समोरच्या काकूंचे पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न. मी हे पण केलंय. ३५ तास एका बॉक्सवर पाय ठेवून झोपलोय, रेसला कंबर धरली ती धरलीच.

आता माझं सांगतो. कार्बनचा हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक), हप्त्यावर घेतलेला, अजून नऊ हप्ते बाकी. शाहूपुरीतल्या दुकानातनं पुठ्ठ्याचा बॉक्स आणला, बहिणीने त्यावर स्केचपेनने काचेचा ग्लास काढला, खाली 'नाजूक' लिहिलं, मी वर चार वेढे टेप. कुठल्या स्टेशनला बुक केली ते लिहीत नाही, उगाच कशाला. खिडकीवरच्या काकांनी फॉरवर्डिंग नोट भरताना मला सरळ विचारलं, "किंमत किती लिहू?" आणि मी, काय शहाणा, म्हटलं काही लिहू नका काका, जुनी सायकल आहे. मला वाटलं किंमत लिहिली की पैसे जास्त लागतील. लागतात जास्त, खरं आहे. पण ते वाचवून मी काय घालवलं ते पुढं बघ.

रेस रविवारी. मी गुरुवारी पोचलो, सायकल नाही. शुक्रवारी फोन, शनिवारी फोन, "गाडीत चढलीय", "पुढच्या स्टेशनला विचारा". रविवारी सकाळी आम्ही राहिलो होतो त्या हॉटेलवाल्याच्या पोराची सायकल घेतली, २६ इंची चाकं, सीटपोस्ट पूर्ण वर ओढून पण माझ्या गुडघ्याला कमी पडत होता. एक्ससीओत ८० टक्क्यांचा नियम असतो तुला माहीत असेल, लीडरच्या पहिल्या लॅपच्या हिशोबाने ठरावीक वेळेपेक्षा मागे पडलास की बाहेर काढतात. मला दुसऱ्या लॅपला काढलं. कमिसेरने, म्हणजे रेसच्या पंचाने, हात केला तेव्हा खरं सांगू, बरंच वाटलं.

सायकल परतीच्या वाटेवर मिळाली, सोमवारी रात्री. बॉक्सचा एक कोपरा आत गेलेला आणि बहिणीने काढलेल्या ग्लासवर बुटाचा ठसा. मी एवढा खूश की मिळाली बाबा एकदाची, रजिस्टरवर सही केली, उचलून प्लॅटफॉर्मवर आणली आणि मग टेप कापला. डावीकडच्या सीटस्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) केसासारखी रेघ. म्हटलं पेंटचा चरा असेल. खिशातलं पाच रुपयाचं नाणं काढलं आणि वरपासून ठोकत आलो, टक टक टक टक, आणि त्या रेघेपाशी डब. परत ठोकलं, परत डब. कार्बन आतनं गेला की असाच आवाज येतो, एकदा ऐकलास की विसरणार नाहीस. प्लॅटफॉर्मवर बसूनच राहिलो.

मग भरपाईला गेलो तर हिशोब काय, किंमत जाहीर केलेली नसेल तर रेल्वेची जबाबदारी वजनावर, पार्सलला किलोला ५० रुपये, लगेजला १००. माझा बॉक्स १९ किलोचा. १९ गुणिले ५०, साडेनऊशे रुपये. लाखाच्या वरची फ्रेम आणि साडेनऊशे. आणि ते पण मिळाले नाहीत, कारण मी बॉक्स न उघडता सही करून घेऊन आलेलो, नुकसान वाटेतच झालं ह्याला पुरावा काय? बॉक्स दबलेला किंवा फाटलेला दिसला तर सही करायच्या आधी ओपन डिलिव्हरी मागायची असते, म्हणजे त्यांच्यासमोर उघडायचं, काय मोडलंय ते कागदावर लिहून घ्यायचं. रेल्वे कायद्यातच आहे हे, १९८९ च्या. दाव्याची नोटीस सहा महिन्यांच्या आत द्यायची असते, ती मी दिली होती बरं का, एवढी एक गोष्ट वेळेत केली.

त्यामुळे माझं मत, आणि हे मतच आहे, वकील मी नाही: सायकल तू बसशील त्याच गाडीला, लगेज म्हणून. किंमत खरी सांग, त्याचा टक्केवारीचा आकार भर, पावतीवर किंमत आली का तिथंच उभं राहून वाच. गाडी सुटायच्या दोन तास आधी जा, नियमात अर्धा तास आहे पण खिडकीवरचा माणूस चहाला गेला की तुझा अर्धा तास संपला. आणि आपल्याकडनं शक्यतो थेट गाडी बघ. कोल्हापूर–निजामुद्दीन आठवड्यातनं एकदाच आहे, पण मध्ये कुठं उतरवाउतरव नाही, त्यासाठी दोन दिवस आधी निघावं लागलं तरी नीघ. काही गाड्यांची लगेजची जागा लीजवर दिलेली असते, ते आदल्या दिवशीच विचारून ठेव. मित्र मागनं येऊ देत, त्यांना काय, त्यांना रेस नाही.

त्याच वर्षी प्रवासखर्च मिळेल म्हणून एका ऑफिसात कागद दिले होते. नाव घेत नाही, कुठलं ते पण विचारू नकोस. पहिल्यांदा गेलो तर ओरिजिनल तिकीट पाहिजे, दुसऱ्यांदा गेलो तर पार्सलची पावती चालत नाही, तिसऱ्यांदा गेलो तर ज्यांच्याकडे फाइल होती त्यांची बदली झालेली आणि फाइल कुठाय कुणालाच माहीत नाही. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची रजा. चौथ्यांदा गेलोच नाही. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेव आणि झेरॉक्सवर पोच घे, एवढंच.

बरं, तू पोस्टमध्ये खाली एक ओळ टाकलीयस की नोकरी सोडून फुलटाइम प्रो व्हायचा विचार आहे. ह्यावर लोक तुला मोटिवेशन देतील. मी नाही देणार. आपल्याकडे ज्यांना महिन्याचा पगार मिळून सायकल चालवता येते ते बहुतेक सर्व्हिसेस (सैन्यदलं) किंवा रेल्वेच्या टीममधले, स्पोर्ट्स कोट्यातले. बाकी आपण सगळे रजा टाकून, उसने पैसे घेऊन फिरणारे. पॅरिसला २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकच्या रेसला ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, टेक झोनमध्ये (दुरुस्तीच्या जागी) बदललं आणि मागनं येऊन त्याने गोल्ड मारलं. सगळे त्याचे पाय बघत होते, मी ते चाक बदलून देणारा मेकॅनिक बघत होतो. माझ्या फीड झोनला (रेसमध्ये बाटली घ्यायच्या जागी) एकदा ढाबेवाल्याचं पोरगं होतं, सकाळी ओळख झालेली, बाटली कशी धरायची ते दाखवलं होतं तरी त्याने मी गेल्यावर पाठीमागनं फेकली. तेव्हा तिथं पोचलास की आधी कुणाला तरी फीडला पटव. कर्नाटकची पोरं असतात, चांगली असतात, आणि चालवतात पण लई भारी.

खाण्याचं म्हणशील तर घरनं ने. भडंग, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, आणि आपला गूळ. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कार्ब पोटात गेलं पाहिजे, ते जेलमधनंच जायला पाहिजे असं काही नाही, गूळ-मीठ-लिंबाच्या पाण्यावर मी अख्ख्या मॅरेथॉन काढल्यात. मात्र ट्रेनिंगला आधी करून बघ, काहींचं पोट बिघडतं. तालमीतल्या कुणी दिलेला डबा मात्र नेऊ नकोस. पैलवानांची खुराक म्हणजे दूध-बदाम-थंडाई उत्तम, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊनच मी मोठा झालोय, पण हल्ली त्या नावाखाली जे प्लास्टिकचे डबे मिळतात त्यात काय असतं देव जाणे. डोपिंगमध्ये 'मला माहीत नव्हतं' चालत नाही, तुझ्या अंगात सापडलं म्हणजे जबाबदार तूच. सर्दीची गोळी पण मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नकोस, काहींमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, ते रेसच्या वेळी मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर अडचण. नाडाचं (आपली डोपिंगविरोधी संस्था) 'नो युवर मेडिसिन' ॲप आहे, त्यात नाव टाकून बघ. गाडीतल्या एसीने सर्दी होतेच, हमखास.

आणि हँगर! हे विसरलोच होतो. डिरेलर हँगर दोन तरी जवळ ठेव. मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा ॲल्युमिनियमचा एवढासा तुकडा, फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम कमजोर केलेला, प्रवासात सगळ्यात आधी तोच वाकतो, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा. तुझी फ्रेम नवीन असेल आणि यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) बसत असेल तर नशीबवान आहेस, तो बऱ्याच कंपन्यांना एकच चालतो. माझ्या फ्रेमचा भारतात मिळायचाच नाही. शेवटी तुटलेला तुकडा घेऊन उद्यमनगरात गेलो, एका वर्कशॉपमध्ये मामांनी व्हर्नियरने माप घेतलं, म्हणाले हे काय खेळणं आहे का, आणि संध्याकाळपर्यंत तीन पीस मिलिंग करून दिले. पैसे पण घ्यायला तयार नव्हते, बळंच दिले. त्यातला एक अजून चालतोय.

तुझ्या फ्रेमचं मॉडेल आणि मेक लिहून टाक इथं, कुणाकडे हँगर पडला असेल तर देतील. पुठ्ठ्याचा बॉक्स घेऊ नकोस, माझा हार्ड केस माळ्यावर पडलाय, राजारामपुरीत येऊन घेऊन जा. एक चाक तुटलंय, ओढताना डावीकडं जातो, पण कड्या शाबूत आहेत. रिकामाच साडेनऊ किलोचा आहे, बुक करताना त्याचं पण वजन धर. मी सहानंतर घरी असतो, रविवारी दुपारनंतर.