खोंड झाला तर? माणमधल्या दीड एकराचा हिशेब

प्रश्न : वय 42, पुण्यात नोकरी. ती सोडून सासरच्या दीड एकरावर (ता. माण, जि. सातारा) राहायला जायचं आहे. नवऱ्याची नोकरी चालू राहील, मुलगी नववीत आहे. 14 लाखांच्या ठेवीतले 9 लाख घालून 2 खिल्लार गाई, 10 शेळ्या, 20 गावरान कोंबड्या आणि भाजीपाला असा बेत आहे. जनावरं मोकळी ठेवणार. एकही खाटकाला किंवा शर्यतीला विकणार नाही. जमाखर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे. जमेल का?

उत्तर : ताई, तुमचा तक्ता दोनदा वाचला. खर्चाची बाजू तुम्ही मन लावून केली आहे, मुक्त गोठ्याच्या जाळीपासून कडबाकुट्टीपर्यंत. जमेची बाजू मात्र फुगली आहे. गाईला रोज 6 लिटर धरलंय, तेही 365 दिवस. खिल्लार ही ओढकामाची जात. वासराला पोटभर पाजून घरापुरतं दोन लिटर निघालं तरी पुष्कळ, आणि भाकड काळात तेही नाही. गावरान कोंबडी वर्षाला 200 नाही, 60-70 अंडी देते. आजीच्या ओसरीवर डालग्याखाली अंडी उबवत बसलेली एखादी खुडूक कोंबडी कायम असायची; हात घातला की टोचायची, आणि 21 दिवस तिच्याकडून एकही नवं अंडं नाही.

खरा प्रश्न खोंडाचा, म्हणजे नर वासराचा आहे. निम्म्या वेळा तोच होणार. शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये उचलून धरला. देखण्या खिल्लार खोंडाला चांगले पैसे येतात. ते तुम्हाला नकोत. राज्यात 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे तो तुमच्याच दावणीला, पंधरा वर्षं तरी. जनावरामागे महिना 4,000 रुपये चारा तुम्हीच लिहिलाय. आजच्याच भावाने एका खोंडाचे 7 लाख 20 हजार होतात. तुम्ही दिलेला शब्द मला मनापासून पटला, म्हणूनच त्याची किंमत तक्त्यात हवी.

शेळ्या सरळ काढून टाका. शेळीपालनाचा पैसा बोकडात असतो आणि तुम्ही बोकड विकणार नाही.

नोकरी अजून वर्षभर सोडू नका. सासूबाई तिथे आहेतच. त्यांच्या मदतीने कोंबड्या, परसबाग आणि चार गुंठे हत्ती घास एवढंच सुरू करा, सव्वा लाखाच्या आत. मुलीची बारावी तीन वर्षांवर आली आहे, ठेवीतले 8 लाख तिच्यासाठी ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. गाय आणलीत तर एकच, आणि तिच्या नावाने 3 लाख वेगळे ठेवून. विमा काढताना कानातल्या बिल्ल्याचा नंबर पॉलिसीवर तोच आहे ना, हे पाहा. आणखी एक : स्वतःच्या शेतातल्या भाजीचं उत्पन्न करमुक्त असतं, दूध-अंड्यांचं नाही, त्याची वही वेगळी ठेवा.

येत्या मेमध्ये आठवडाभर तिथे राहा आणि विहिरीत दोर सोडून पाणी मोजा. तो आकडा मला कळवा, गाईचं त्यानंतर ठरवू.